हायवेलगतचा फ्लॅट घेताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. मुलुंडला पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून एक फ्लॅट बघून आला होता. दोन बेडरूम, बजेटमध्ये बसणारा, घरमालक तयार. "ताई, टोकन देऊन टाकू का?" मी विचारलं, "किती वाजता बघितलास?" म्हणाला, "रविवारी सकाळी अकराला." "आणि बेडरूमच्या खिडकीतून काय दिसतं?" तो जरा थांबला. "ते नाही लक्षात. हॉलमधून हायवे मात्र मस्त दिसतो."

मी त्याला टोकन थांबवायला सांगितलं. घर वाईट होतं असं नाही. पण नेमक्या याच दोन गोष्टी न बघता आम्ही २०१२ साली मालाड पूर्वेला हायवेच्या अगदी कडेला सातव्या मजल्यावर घर घेतलं होतं, आणि पुढची नऊ वर्षं त्याची किंमत झोपेने मोजली.

हायवेजवळ घर घेऊच नका, असं मी कुणालाही सांगत नाही. मुंबईत ते सांगणं अन्यायाचं होईल. पश्चिम द्रुतगती महामार्गावर आता मेट्रो ७ धावते. आरे, दिंडोशी, कुरार, आकुर्ली, मागाठाणे ही स्टेशनं हायवेवरच आहेत. त्याच पैशात आतल्या गल्लीत एक खोली कमी मिळते, हेही खरं. माझं म्हणणं एवढंच आहे की हायवेपासून घर किती दूर, यावर आपण जितका विचार करतो त्याच्या निम्मासुद्धा विचार झोपायची खोली कुठे तोंड करून आहे यावर करत नाही. निर्णय तिथे फिरतो.

पहिली चूक: दिवसाउजेडी घर बघून समाधान मानणं

एजंट सुट्टीच्या दिवशी सकाळी बोलावतो आणि आपल्यालाही तेच सोयीचं असतं. आम्ही गेलो तेव्हा मे महिना होता. हॉलच्या खिडक्या बंद, एसी चालू. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर तो गारवा इतका बरा वाटला की पाणी पिता पिताच घर मनात भरलं. खिडकी उघडून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

जे जास्त काळजी घेतात ते संध्याकाळी गर्दीच्या वेळी पुन्हा एक चक्कर मारतात. त्यांना वाटतं, सर्वांत वाईट वेळ बघून झाली. इथेच गल्लत होते. संध्याकाळी सात वाजता हायवे मुंगीच्या पावलाने सरकत असतो. हॉर्न असतात, पण चाकांचा आवाज जवळपास नसतो. गाडीचा वेग वाढतो तसा टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा आवाज वाढत जातो आणि कारच्या बाबतीत ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे तो इंजिनालाही मागे टाकतो. म्हणजे मोकळा रस्ता हा तुंबलेल्या रस्त्यापेक्षा जास्त आवाज करू शकतो. रात्री बारानंतर नेमका तोच मोकळा होतो. शिवाय दिवसा गर्दीच्या तासांत ज्यांना बंदी असते ती अवजड वाहनं तेव्हाच बाहेर पडतात: कंटेनर, डंपर, सिमेंटचे मिक्सर. रिकाम्या डंपरचा पत्रा तर भरलेल्यापेक्षा जास्त खडखडतो.

आमच्या समोर उड्डाणपुलाची उतरण होती. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये, उन्हाने काँक्रीट प्रसरण पावलं तर जागा हवी म्हणून, फट ठेवलेली असते आणि तिच्यावर सांध्याची पट्टी बसवलेली असते. कार गेली की टक-टक. कंटेनर गेला की आधी एक धड्, मग मागच्या चाकांचं लांबलचक धडाड्-धड्. दिवसा हा आवाज बाकीच्या गोंगाटात विरून जायचा, आम्ही तो पहिल्या रात्रीपर्यंत ऐकलाच नव्हता. रात्री दोनला मात्र रस्ता दहा सेकंद शांत व्हायचा आणि पुढचा धडाका यायचा. कान त्या दहा सेकंदांत वाट बघत राहायचे.

झोप मोडते ती अशाच उसळीने. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बेडरूमच्या आत सरासरी ३० डेसिबल आणि एखादा सुटा आवाज ४५ डेसिबलपर्यंत, अशा दोन वेगळ्या मर्यादा दिल्या होत्या. नुसती सरासरी पुरत नाही, हे त्यामागचं कारण. म्हणून घर बघायला गेलात की पुलाचा सांधा, गतिरोधक, सिग्नल, चढ, बस थांबा यांपैकी काय खिडकीसमोर येतं ते आधी पाहा. चढावर ट्रक गियर बदलतो, सिग्नलला ब्रेक किंचाळतात. सपाट, सरळ, सांधा नसलेल्या रस्त्यासमोरचा फ्लॅट त्या मानाने बराच सुसह्य असतो.

तेव्हा कामाच्या दिवशी, मध्यरात्रीनंतर, एकदा तरी तिथे जाऊन उभे राहा. मामेभाऊ म्हणाला, "रात्री दोनला वॉचमन आत सोडेल का?" सुरुवातीला आत जायची गरजच नाही. बिल्डिंगच्या गेटपाशी गाडी उभी करून वीस मिनिटं काचा खाली करून बसलं तरी पुष्कळ कळतं. रात्रपाळीच्या वॉचमनशी बोला. सर्व्हिस रोडवर रात्री ट्रक उभे राहतात का, इंजिन चालू ठेवून झोपतात का, पहाटे टेम्पो माल उतरवतात का, हे त्याच्याइतकं नेमकं सेक्रेटरीलाही माहीत नसतं.

घर उन्हाळ्यात घेत असाल तर पावसाळ्याबद्दल शेजाऱ्यांना मुद्दाम विचारा. ओल्या रस्त्यावर टायरचा सूं-सूं आवाज बराच वाढतो, आणि मुंबईत ते चार महिने चालतं.

दुसरी चूक: "हायवेपासून आत आहे" यावर विसंबणं

डेसिबलचं गणित आपल्या रोजच्या गणितासारखं चालत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो.

आता हायवे म्हणजे एका जागी वाजणारा भोंगा नव्हे. गाड्यांची अखंड रांगच आवाज करत असते. अशा रांगेपासून अंतर दुप्पट केलं की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. २० मीटरवरून ४० मीटरवर गेलात, ३ कमी. ८० मीटरवर ६ कमी. १६० मीटरवर ९ कमी. आठपट लांब जाऊन आवाज कानाला कसाबसा निम्मा होतो, तोही मध्ये काही आड नसेल तर. म्हणून "मॅडम, शंभर मीटर आत आहे" या वाक्याला मी फार किंमत देत नाही.

किंमत आहे ती आडोशाला. खुद्द आपली इमारत हाच सर्वांत मोठा आडोसा. तिच्या हायवेकडच्या बाजूला आणि मागच्या बाजूला १० ते २० डेसिबलचा फरक सहज पडतो. म्हणजे हायवेपासून अगदी २० मीटरवर असलेल्या इमारतीची मागची बेडरूम ही दीडशे मीटर आत, पण हायवेकडे उघड्या तोंडाने असलेल्या बेडरूमपेक्षा शांत असू शकते. हे वाक्य मला २०१२ साली कुणी सांगितलं असतं तर मी त्याच मजल्यावरचा मागचा फ्लॅट घेतला असता. तो तेव्हा रिकामा होता. हॉलमधून 'व्ह्यू' नाही म्हणून आम्ही तो नाकारला होता.

फ्लॅटचा नकाशा मागून घ्या आणि त्यावर हायवे कुठल्या बाजूला आहे तो बाण स्वतःच्या हाताने काढा. बांधकाम चालू असलेला प्रकल्प असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर आराखडे बघता येतात. हॉल आणि स्वयंपाकघर हायवेकडे, बेडरूम मागे: घ्यायला हरकत नाही. एक बेडरूम पुढे आणि एक मागे: विचार करण्यासारखं, पण मागची कुणाला द्यायची ते आधी घरात ठरवा. दोन्ही बेडरूम हायवेकडे: माझ्या मते भाव कितीही उतरवला तरी नको.

काटकोनात, बाजूला तोंड असलेल्या खिडक्या मधल्या असतात. पण समोर दुसऱ्या इमारतीची सपाट भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत येतो. दोन टॉवरच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हायवे प्रत्यक्ष दिसत नसतानाही ऐकू येतो तो यामुळेच.

आणखी एक. समोर जुनी इमारत आहे, ती आवाज अडवते, म्हणून निर्धास्त राहू नका. ती पुनर्विकासात गेली की दोन-तीन वर्षं समोर मोकळं मैदान आणि त्यात पायलिंगची, म्हणजे पायाचे खांब जमिनीत खोलवर घालणारी मशिनं. पुढे तिथे उंच इमारत आली तर उलट तुमचाच फायदा. पण मधली वर्षं तुम्हाला काढायची आहेत.

वरचा मजला, झाडं आणि भिंत

वर गेलं की आवाज कमी होतो, ही समजूत फार खोल रुतलेली आहे. पहिल्या-दुसऱ्या मजल्याला कंपाउंडची भिंत, समोरची दुकानं, उभ्या गाड्या यांचा थोडा आडोसा मिळतो. वर गेलात की तो संपतो आणि हायवेचा जास्त लांबीचा पट्टा खिडकीला दिसू लागतो. जेवढा रस्ता दिसतो, तेवढा ऐकू येतो. बऱ्याच इमारतींत मधल्या मजल्यांवर आवाज तळमजल्यापेक्षा जास्त असतो, आणि उड्डाणपूल समोर असेल तर पुलाच्या पातळीचे मजले सर्वांत वाईट. पुलाच्या कठड्यावर ध्वनिरोधक पत्रे असतील तर त्यांचा उपयोग त्यांच्या सावलीत येणाऱ्या मजल्यांनाच. पत्र्यावरून गाड्यांची छपरं दिसत असतील तर तुमच्यापुरते ते पत्रे नाहीतच.

झाडांच्या एका रांगेने आवाज फारसा अडत नाही. दाट झाडी तीसेक मीटर रुंद असेल तर थोडाफार फरक पडतो. झाडं धूळ अडवतात, डोळ्यांना बरं वाटतं, त्यासाठी ती हवीतच.

"सवय होते" असं स्वतःला समजावणं

हे वाक्य आम्हाला सासूबाईंपासून ते रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. सवय होते, पण फक्त मनाची. आवाजाकडे आपण लक्ष देईनासे होतो. झोपेतलं शरीर मात्र प्रतिसाद देत राहतं. हृदयाचे ठोके वाढतात, झोप गाढ अवस्थेतून वर येते, आणि सकाळी आपल्याला काहीच आठवत नाही. आठ तास झोपूनही अंग जड का, याची कारणं आपण भलतीकडे शोधत बसतो.

आमच्या घरात सवय झाल्याची खूण अशी होती: टीव्हीचा आवाज हळूहळू वाढत गेला. आई स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजायची, तिला हॉलमधून ऐकू येईनात म्हणून ती ओट्याशीच उभी राहायला लागली. फोन आला की आम्ही सगळे आपोआप मागच्या पॅसेजमध्ये जायचो. मुलगी पहिलीत होती. तिच्या बाईंनी विचारलं, ही इतक्या मोठ्याने का बोलते? तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात आम्ही सगळेच तसे बोलतो.

रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी घरात असेल, तान्हं बाळ असेल, कानाचं यंत्र लावणारे आजी-आजोबा असतील (त्या यंत्रातून गोंगाटही मोठा होऊन येतो), तर "सवय होईल" या भरवशावर घर घेऊ नका.

"खिडक्या बदलून घेऊ" हे अर्धवट गणित

खिडक्या बदलून खरोखर फरक पडतो. आम्ही केलं, दुसऱ्या वेळी नीट केलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वीट किंवा काँक्रीटची भिंत आवाज चांगला अडवते. गळती असते ती खिडकीतून. उघडी खिडकी साधारण १० ते १५ डेसिबल अडवते. साधी अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बंद केली तर वीसेक. चांगल्या रबरी पट्टीची, जाड काचेची, घट्ट मिटणारी खिडकी ३० ते ३५ पर्यंत जाते. आता बाहेर रात्री ७० डेसिबल आहेत असं धरा. साध्या बंद खिडकीआड ५०, चांगल्या खिडकीआड ३५ ते ४०. फरक मोठा आहे, पण नुसत्या काचेच्या जोरावर तो मिळत नाही.

पहिल्या वेळी आम्ही तीच चूक केली. दुकानदाराने "डबल काच" सांगितली, आम्ही सरकत्या खिडकीतच ती बसवली. पैसे गेले, आवाज जवळजवळ तसाच राहिला. कारण सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात, दोन झडपांच्या मध्ये आणि ब्रशच्या पट्टीतून फटी राहतातच. हिशेब असा आहे: एकूण क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का फट उघडी असली तरी बाकी कितीही भारी काच लावा, अडवणूक वीसेक डेसिबलच्या पुढे जात नाही. आवाज पाण्यासारखा वागतो, जिथून हवा येते तिथून तोही येतो. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने फिरवा. धूर जिथे हलतो तिथे गळती.

दुसऱ्या वेळी आम्ही दारासारखी उघडणारी, चारही बाजूंनी रबराने दाबून मिटणारी यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकच्या चौकटीची) खिडकी घेतली, लॅमिनेटेड काचेची. दोन काचांच्या मध्ये चिकट पडदा असतो, तो कंप शोषून घेतो. दुहेरी काच घ्यायचीच असेल तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, कारण सारख्या जाडीच्या काचा एकाच सुरात थरथरतात. बारा मिलिमीटर पोकळीची दुहेरी काच मुख्यतः उष्णता अडवण्यासाठी बनलेली असते. आवाजासाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आहे ती खिडकी तशीच ठेवून आतून चार इंच अंतरावर दुसरी खिडकी. भिंतीची जाडी तेवढी असली पाहिजे, हे घर बघतानाच मोजून घ्या.

नंतरही पहिल्या रात्री आवाज येतच होता. शोधत गेलो तर तो बाथरूममधून. मुंबईच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी असते, ती म्हणजे कायमची उघडी खिडकी. बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमचं दार रात्री बंद ठेवलं आणि दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली, तेव्हा कुठे शांत वाटलं. एसीच्या पाइपचं भोक, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची चौकट, खिडकीच्या चौकटीभोवती सिमेंटऐवजी नुसती पुट्टी भरलेली जागा, हे सगळं तपासा.

एवढं करूनही ट्रकच्या इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर पूर्ण जात नाही. तीक्ष्ण आवाज काच अडवते, जाड घुमणारा आवाज भिंतीतूनही आत येतो. खिडकीवाला "एकदम सायलेंट" म्हणत असेल तर त्याने आधी काम केलेल्या एखाद्या हायवेलगतच्या घरी तुम्हाला नेऊन ऐकवावं, मगच आगाऊ रक्कम द्या. आणि बाहेरून इमारतीचं रूप बदलत असेल तर सोसायटीची परवानगी आधी.

यात एक खर्च कुणी धरतच नाही. खिडकी मिटली की वारा मिटला. मग एसी रात्रभर, विजेचं बिल, पावसाळ्यात भिंतींना कुबट वास. वाळत घातलेले कपडे बाहेरच. आमच्या मुलीचे शाळेचे पांढरे शर्ट दोरीवरून काढले की जिथे दोरी टेकली तिथे करडी रेघ उमटलेली असायची, दोनदा धुतली तरी न जाणारी.

धूळ आणि वाऱ्याची दिशा

आवाजाच्या नादात धूळ विसरली जाते. हायवेची धूळ मातीची नसते. त्यात डिझेलचा धूर, टायरची आणि ब्रेकची झीज मिसळलेली असते, म्हणून ती काळी आणि तेलकट. खिडकीच्या जाळीवरून ओलं फडकं फिरवलं की कळतं. रस्त्यालगत या धुराचं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि आत जावं तसं ते उतरत जातं, म्हणजे आवाजाच्या तुलनेत इथे अंतराचा उपयोग जास्त. घरात दमा असलेलं कुणी असेल तर मी स्पष्टपणे हायवेकडची बाजू नको म्हणेन.

मुंबईत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे दिवसाचा वारा बहुतेक वेळ समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेला घर असेल तर हायवेकडची खिडकी पश्चिमेला तोंड करते. दुपारचं ऊन तिथे, पावसाची झड तिथे, आणि हायवेवरची धूळ घेऊन येणारा वाराही तिथेच. हायवेच्या पश्चिमेला असलेल्या घराच्या हायवेकडच्या खिडकीला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दिवसाचा वारा धूळ उलट दिशेने नेतो. दोन्ही घरांचा भाव तोच, हायवेपासून अंतर तेच, पण राहण्यात फरक पडतो. थंडीत रात्री वारा फिरतो, तेव्हा मात्र पश्चिमेकडच्यांनाही त्रास होतो. बोरिवलीत हायवेच्या पूर्वेला घर घेत असाल तर राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे तोंड असलेली बाजू मागा.

पुढे काय येऊ घातलंय, हे न विचारणं

आम्ही घर घेतलं तेव्हा समोर फक्त हायवे होता. २०१६ मध्ये मेट्रो ७ चं काम सुरू झालं आणि ती पूर्ण मार्गावर धावू लागली २०२३ च्या जानेवारीत. आमच्या तिथल्या वास्तव्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पत्र्यांच्या कुंपणात गेली. मेट्रो आली याचा आनंदच आहे, पण आधी माहीत असतं तर आम्ही निदान भाडेकरू म्हणून थांबलो असतो.

टोकन देण्याआधी त्या भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक घ्या आणि महापालिकेकडून विकास आराखडा २०३४ चे शेरे काढा. समोर रुंदीकरणाची रेषा, नवा जोडरस्ता किंवा पुलाचं आरेखन आहे का ते त्यात कळतं. रुंदीकरणात सोसायटीची कंपाउंड भिंत आणि पार्किंग मागे सरकलं तर हायवे तितकाच जवळ येतो.

नाही जमलं तर विकून टाकू?

मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के आहे, फक्त महिलेच्या नावावर निवासी घर असेल तर ५ टक्के. दीड कोटीच्या घरावर ६ टक्क्यांनी ९ लाख रुपये, वर नोंदणीचे ३० हजार. हे पैसे विकताना परत येत नाहीत. दोन वर्षांच्या आत विकलंत तर नफा अल्पकालीन भांडवली नफा धरला जातो. एजंटची दलाली दोनदा. आणि तुमचा ग्राहकही रात्री दोनला येऊन उभा राहू शकतो. त्यापेक्षा त्याच इमारतीत, हायवेकडच्या बाजूला अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून बघणं कितीतरी स्वस्त.

मोबाइलने मोजायचं तर

डेसिबल मोजणारी मोफत अ‍ॅप मिळतात. फोनचा माइक प्रयोगशाळेचा नसतो, आकडा काही डेसिबलने इकडेतिकडे असतो. म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका, तुलना करा. तोच फोन घेऊन आधी तुमच्या आत्ताच्या बेडरूममध्ये रात्री दहा मिनिटं मोजा, मग नव्या घरी: हायवेकडच्या खोलीत खिडकी उघडी, खिडकी बंद, मग मागच्या खोलीत तसंच. सरासरी आणि सर्वाधिक, दोन्ही लिहा. फोन हातात धरू नका, उशीच्या उंचीवर ठेवा. रहिवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. हायवेकडच्या खिडकीबाहेर ती सहज ओलांडलेली दिसेल. तुम्हाला ठरवायचंय ते खोलीतल्या आकड्यावरून.

घर आधीच घेतलं असेल तर

सगळ्यात आधी खोल्यांची अदलाबदल करा. पैसा लागत नाही आणि परिणाम सर्वांत मोठा. मागची खोली लहान असली, त्यात फक्त पलंग मावत असला, तरी झोपायला तीच घ्या. पुढची मोठी बेडरूम दिवसाच्या वापराला. आम्ही हे सहाव्या वर्षी केलं, पहिल्या आठवड्यात करता आलं असतं. मग फटी बुजवा, मग खिडकी, या क्रमाने. जाड पडदे आणि गालिचा खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. त्यांच्यावर मोठा खर्च नको.

रहदारीच्या एकूण आवाजाविरुद्ध एकट्याने तक्रार करून फारसं हाती लागत नाही. पण नेमक्या गोष्टीची तक्रार चालते. पुलाच्या सांध्याची पट्टी सैल झाली असेल तर ती दुरुस्त होऊ शकते. दोन्ही द्रुतगती महामार्गांची देखभाल आता महापालिकेकडे आहे. सर्व्हिस रोडवर इंजिन चालू ठेवून उभे राहणारे ट्रक हे वाहतूक पोलिसांचं काम. ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला आणि आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायला मनाई आहे. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, तारीख-वेळेच्या नोंदीसह द्या. आमच्या समोरचा सांधा असाच तीन अर्जांनंतर दुरुस्त झाला. त्या रात्री मला जाग आली ती शांततेने.

२०२१ मध्ये आम्ही त्याच सोसायटीत मागच्या बाजूचा फ्लॅट घेतला. पत्ता तोच, वॉचमन तोच, हायवे तोच. आई आता शिट्ट्या हॉलमध्ये बसून मोजते.

मामेभावाचं घर रिकामं होतं, म्हणून मालकाने एका रात्रीसाठी किल्ली दिली. तो आणि वहिनी सतरंजी घेऊन तिथे राहिले. सकाळी त्याने मला रात्री पावणेदोनचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. सुरुवातीला पुढच्या बेडरूममधला कंटेनरचा धडाका, मग चालण्याचा आवाज, एक दार लागतं, दुसरं दार लागतं. ट्रक मागे मागे जात राहतात आणि शेवटी पंख्याची कुरकुर ऐकू येते. ती मागची खोली आहे, नऊ बाय दहाची. मामा-मामींचा पलंग तिथे लावायचा ठरलाय, पुढच्या बेडरूमच्या खिडकीचा खर्च किमतीतून वजा करून घेतलाय, आणि टोकन परवा दिलं.